शून्यावर संपणारे आकडे

२०२१ च्या मे महिन्यात गोव्यात तपासलेल्या दोन माणसांमागे जवळजवळ एक पॉझिटिव्ह निघत होता. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात खाट मिळवायची तर ओळख काढावी लागत होती, ऑक्सिमीटर या घरातून त्या घरात फिरत होते. अशा दिवसांत, १० मे रोजी, आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी जाहीर केलं की अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला आयव्हरमेक्टिन ही जंतांवरची गोळी द्यायची. रोज १२ मिलिग्रॅम, पाच दिवस. ताप असो वा नसो. इंग्लंड, इटली, स्पेन, जपान इथल्या तज्ज्ञांना या गोळीने मृत्यू बरेच कमी झालेले दिसलेत, असं कारण दिलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तेव्हाच्या मुख्य शास्त्रज्ञ सौम्या स्वामिनाथन यांनी लगेच ट्वीट करून आठवण दिली की चाचण्यांबाहेर कोविडसाठी हे औषध वापरू नये असं संघटनेचं मत आहे. मर्क ही तर या औषधाची मूळ कंपनी. तिनेही फेब्रुवारीतच सांगून टाकलं होतं की कोविडमध्ये उपयोग होतो असा पुरावा आपल्याला दिसत नाही. स्वतःचा माल खपत असताना कंपनी 'नको' म्हणते, हे मला तेव्हाही नवलाचं वाटलं होतं.

आमच्या वाड्यावर यातलं काही पोचलं नव्हतं. शेजारच्या काकी म्हणाल्या, "सरकार फुकट दिता न्ही, मागीर खावंक कितें जाता?" म्हणजे, सरकार फुकट देतंय ना, मग खायला काय जातंय? त्यांना हसण्यात अर्थ नाही. रोज एक तिरडी पाहणारा माणूस कुठलीही गोळी गिळेल.

आणि गोळी काही ऐरीगैरी नव्हे. जपानमध्ये एका गोल्फच्या मैदानाजवळच्या मातीतून सातोशी ओमुरा यांनी एक जिवाणू वेगळा काढला, विल्यम कॅम्पबेल यांनी त्याच्यातला गुण ओळखला आणि त्यातून आफ्रिकेतल्या लाखो लोकांचे डोळे वाचवणारं औषध उभं राहिलं. २०१५ चं वैद्यकातलं अर्धं नोबेल त्याबद्दलच. जंतांवर, खरजेवर आजही ती गुणी आहे. प्रश्न गोळीचा नव्हताच. ती कोविडवर चालते हे कोणी, कशावरून, कुठल्या वहीत बघून सांगितलं, हा होता.

त्या वह्यांपैकी एक इजिप्तमध्ये होती. बेन्हा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी नोव्हेंबर २०२० मध्ये एक शोधनिबंध ऑनलाइन टाकला. चारशे रुग्ण, शिवाय त्यांच्या संपर्कातले दोनशे. गोळी घेतलेल्यांत मृत्यू सुमारे नव्वद टक्क्यांनी कमी. निबंध कुठल्याही नियतकालिकाने तपासून छापलेला नव्हता, तो नुसता असे न तपासलेले निबंध ठेवणाऱ्या सर्व्हरवर चढवलेला होता. तरीही इतर लहानमोठ्या अभ्यासांची बेरीज करणारे जे मेटा-अ‍ॅनालिसिस निघाले त्यांत याचं वजन भलतंच पडलं, कारण आकडा मोठा आणि परिणाम डोळे दिपवणारा. पुढे जग 'तज्ज्ञांना असं दिसलंय' म्हणू लागलं. त्यातल्या किती तज्ज्ञांनी मूळ कोष्टक उघडलं होतं?

ते उघडलं लंडनमधल्या जॅक लॉरेन्स नावाच्या विद्यार्थ्याने. त्याला हा निबंध अभ्यासाचा भाग म्हणून वाचायला दिला होता. प्रस्तावनेतले परिच्छेदच्या परिच्छेद दुसरीकडून उचललेले दिसले म्हणून त्याने मूळ डेटा शोधला. तो एका फाइल-शेअरिंग साइटवर, पैसे भरून, पासवर्डच्या आड ठेवला होता. पासवर्ड होता १२३४. आत काही रुग्ण अभ्यास सुरू व्हायच्या तारखेआधीच वारलेले होते. निबंधात लिहिलेले मृत्यू आणि कोष्टकातले मृत्यू जुळत नव्हते. ७९ रुग्णांच्या नोंदी इतर रुग्णांच्या नोंदींची नक्कल दिसत होत्या. जुलै २०२१ मध्ये सर्व्हरने निबंध काढून घेतला. एका गाजलेल्या मेटा-अ‍ॅनालिसिसमधून असे संशयित अभ्यास वगळले तेव्हा मृत्यू कमी झाल्याचा निष्कर्षही टिकला नाही. मार्च २०२२ मध्ये ब्राझीलमधल्या १३५८ रुग्णांवरच्या नीट आखलेल्या चाचणीचा निकाल आला: गोळी घेतली काय, न घेतली काय, इस्पितळात दाखल होण्यात फरक नाही.

गोव्याचा निर्णय त्या एका निबंधावरच झाला असं मी म्हणणार नाही, तशी साखळी कोणी दाखवून दिलेली नाही. पण नोव्हेंबर ते जुलै एवढा काळ ती फाइल १२३४ च्या कुलपात पडून होती, आणि आमचा मे त्याच काळात येतो, हे काही मनातून जात नाही.

हे मनातून न जाण्याचं कारण माझा धंदा. बरीच वर्षं मी आरोग्याच्या पाहण्यांसाठी आलेले फॉर्म तपासण्याचं काम केलं. संशोधक निबंधात 'माहिती गोळा केली गेली' असं एक वाक्य लिहितात ना, त्या वाक्याच्या आतल्या खोलीत मी बसत असे. टेबलावर गठ्ठे, बाजूला लाल पेन, पावसाळ्यात कागदांना ओलसर वास. घरोघर जाणारी मुलं-मुली रक्तदाब मोजून लिहून आणत, मी ते रकाने वरून खाली वाचत असे.

रक्तदाबाच्या आकड्यांत एक गंमत असते. पाऱ्याच्या यंत्रावर दोन-दोनाच्या अंतराने खुणा असतात. म्हणजे शेवटचा आकडा ०, २, ४, ६ किंवा ८ यायला हवा आणि पाचही साधारण सारखेच यायला हवेत. प्रत्यक्षात १२०/८०, १३०/८०, ११०/७० अशी रांगच्या रांग येते. शून्य, शून्य, शून्य. याला लबाडी म्हणता येत नाही. ऐकणाऱ्याला ठोका साधारण एकशे अठ्ठावीसला ऐकू आला की तो एकशे तीस लिहून मोकळा होतो. डॉक्टरही करतात. पण १४० ला औषध सुरू करायचं असा नियम असला की हे 'साधारण' कितीतरी माणसांना रेषेच्या अलीकडे-पलीकडे ढकलतं.

शून्यांची सवय झाली होती. एकदा गोव्याच्या सत्तरी तालुक्यातून एक गठ्ठा आला त्यात मात्र शून्यं जवळजवळ नव्हतीच. १२७/८३. १३१/७९. ११९/७७. पाहताक्षणी वाटलं, वा, किती काळजीने मोजलंय पोराने! दुसऱ्या पानावर हात थांबला. पाऱ्याच्या यंत्रावर १२७ ची खूणच नसते. एखाददुसरा विषम आकडा दोन खुणांच्या मध्ये बघून लिहिला असं म्हणता येईल, गठ्ठाभर नाही. आकडे मनाने लिहिणारा माणूस गोल आकडे टाळतो, ते खोटे दिसतील या भीतीने. एकच आकडा लागोपाठ दोनदाही लिहीत नाही. खरं यंत्र असल्या कशाची पर्वा करत नाही. मग संमतीपत्रं काढून बघितली. सह्या निरनिराळ्या नावांच्या, पण सगळ्यांच्या शेवटच्या वेलांटीचा झोक एकच, आणि शाई एकाच पेनाची.

पोराला बोलावलं. चांगल्या घरचा, हुशार, गप्प. दिवस काजूचे होते. सकाळी सहाला अख्खं घर बागायतीत, संध्याकाळी भट्टीपाशी. दारं बंद. घरं एकमेकांपासून दूर, बस दिवसातून मोजक्या, आणि पैसे फॉर्ममागे. रिकाम्या हाताने परतलं तर बसभाडंही अंगावर. त्याने काही घरं खरी केली होती, बाकीची झाडाखाली बसून. मला त्याचा राग आला, आणि ज्याने फॉर्ममागे पैसे ठेवले त्याचा जास्त आला. मी कुठले फॉर्म का धरू नयेत त्याची टीप लिहून वर दिली. वरून उत्तर आलं की नमुना कमी पडेल, पाऊस तोंडावर आलाय, परत कोण जाणार. अहवाल छापून आला तेव्हा नमुन्याचा आकडा पुराच्या पुरा होता. त्या अहवालात रक्तदाबाबद्दल दशांश चिन्हानंतर दोन घरं दिली होती.

म्हणून मला मोठ्या भामट्यांच्या गोष्टी फारशा चकित करत नाहीत. मे २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने सर्जिस्फिअर या कंपनीच्या डेटावरचा लेख छापला: ६७१ इस्पितळं, ९६ हजारांवर रुग्ण, हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन या औषधाने कोविड रुग्णांचे मृत्यू वाढतात. त्यात ऑस्ट्रेलियातले कोविड मृत्यू त्या तारखेपर्यंत देशभरात नोंदलेल्या मृत्यूंपेक्षा जास्त होते! कंपनीने मूळ डेटा बाहेरच्या तपासनिसांना दिला नाही आणि ४ जूनला लेख मागे घेतला गेला. दरम्यान जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची आपली चाचणी थांबवून पुन्हा सुरूही केली होती. म्हणजे जगातल्या नामांकित नियतकालिकाच्या परीक्षकांनी जे करायला हवं होतं ते करायला वर्तमानपत्र उघडणं पुरलं असतं.

माझा भाचा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या कारखान्यात क्वालिटीमध्ये आहे. गोव्यात आता जवळजवळ प्रत्येक घरातलं कोणीतरी फार्मात असतंच. त्याला ही सत्तरीची गोष्ट सांगितली तर तो हसायलाच लागला. "मावशी, आमच्याकडे असं केलं तर त्याच दिवशी गेटबाहेर." मग त्याने त्यांची बॅच रेकॉर्डची, म्हणजे औषधाच्या एकेका खेपेच्या नोंदींची, पद्धत सांगितली. पेन्सिल आत न्यायची नाही. व्हाइटनर नाही. चूक झाली तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही, तारीख, कारण. वजन केलं की लगेच लिहायचं. जेवून येऊन लिहिलेलं चालत नाही. हातावर, चिठ्ठीवर लिहून मग वहीत उतरवायचं नाही. संगणकातली नोंद कोणी, कधी, काय बदलली याचा माग राहतो, तो पुसता येत नाही. अमेरिकेचे इन्स्पेक्टर येतात तेव्हा आधी कचऱ्याच्या टोपल्या बघतात, कारण फाडलेले कागद तिथे सापडतात. "लिहिलं नाही ते झालंच नाही," हे त्यांच्याकडे भिंतीवर नसलं तरी डोक्यात कोरलेलं.

ही शिस्त मुळात कोणाच्या सद्गुणातून आलेली नाही. धक्के खाऊन आली. रॅनबॅक्सी या आपल्याकडच्या औषध कंपनीने २०१३ मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरले. औषधांच्या चाचण्या करून देणाऱ्या हैदराबादच्या जीव्हीके बायोसायन्सेसमध्ये २०१४ साली फ्रेंच तपासनिसांना दिसलं की स्वयंसेवकांच्या ईसीजीत फेरफार आहेत. जानेवारी २०१५ मध्ये युरोपच्या औषध संस्थेने सुमारे सातशे औषधांचे परवाने स्थगित करायची शिफारस केली. ती औषधं अपायकारक होती असा पुरावा नव्हता. ईसीजी हा त्या चाचण्यांचा गाभाही नव्हता, तिथे रक्तातलं औषधाचं प्रमाण महत्त्वाचं. भारत सरकार एवढं चिडलं की युरोपशी ठरलेली व्यापारचर्चाच पुढे ढकलली. तेव्हा मलाही वाटलं होतं की हे जरा अति झालं. आता वाटत नाही. जो एका रकान्यात झाडाखाली बसला, तो शेजारच्या रकान्यात उन्हात गेला असेल हे कशावरून धरायचं?

पण मग भाच्यालाच मी विचारलं, की तुझी गोळी किती मिलिग्रॅम आहे याला एवढे कागद, आणि ती गोळी अमुक रोगावर चालते असं सांगणारा निबंध? परवान्यासाठी केलेल्या चाचण्यांना नियम आहेत, तपासनीस आहेत. बाकी जे अफाट संशोधन होतं, प्राध्यापकांचं, एमडीच्या प्रबंधांचं, बढतीसाठी लागणाऱ्या निबंधांचं, तिथे? "तिथे कोण येणार टोपली बघायला!" तो म्हणाला.

एक माणूस आला होता खरा. जॉन कार्लाइल, इंग्लंडमधले भूलतज्ज्ञ आणि 'अ‍ॅनेस्थेशिया' नियतकालिकाचे एक संपादक. २०१७ ते २०२० या काळात त्यांच्याकडे छापायला आलेल्या ५२६ चाचण्या त्यांनी तपासल्या. ज्यांचं रुग्णागणिक कोष्टक हातात नव्हतं, नुसता निबंध होता, अशांत खोटा डेटा त्यांना २ टक्क्यांत सापडला. कोष्टक हातात होतं तिथे ४४ टक्क्यांत. जिथे शंका होती तिथेच कोष्टक जास्त मागितलं गेलं असणार, तेव्हा हे ४४ जसेच्या तसे सगळ्या विद्येला लावू नयेत. तरी त्या दोन आकड्यांमधलं अंतर मला पुरेसं आहे. निबंध वाचून लबाडी दिसत नाही. निबंध लिहिलेलाच असतो ती न दिसावी असा.

आमच्याकडे देवळाच्या महाजनांच्या सभेत वर्षाचा जमाखर्च वाचतात. 'जत्रेचा खर्च अमुक लाख' एवढ्यावर कधीच भागत नाही. एक म्हातारा असतोच, जो उठून म्हणतो, मंडपवाल्याची पावती दाखवा. सगळे वैतागतात, चहा थंड होतो, पण पुढच्या वर्षी खजिनदार पावत्या घेऊनच बसतो. आयव्हरमेक्टिनच्या प्रकरणानंतर लॉरेन्स आणि त्याच्या चार साथीदारांनी सप्टेंबर २०२१ मध्ये 'नेचर मेडिसिन'ला पत्र लिहून हेच मागितलं: नुसत्या बेरजांवर मेटा-अ‍ॅनालिसिस करू नका, एकेका रुग्णाची नोंद मागा, मिळाली नाही तर तो अभ्यास धरू नका.

आता संमतीचं. मी नीतीची गोष्ट वेगळी आणि विश्वासार्हतेची वेगळी मानत नाही. फॉर्ममध्ये संमती पहिल्या पानावर असते आणि रक्तदाब तिसऱ्या, हात एकच असतो. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत पाथ या अमेरिकी संस्थेने आयसीएमआर ही केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद आणि राज्य सरकारांबरोबर मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची, लस देण्याचा प्रकल्प केला. सात मुली वारल्या. चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झाल्याचं आढळलं नाही, आणि लस उत्तम आहे हे जगभर सिद्ध झालंय. पण २०१३ साली संसदीय समितीच्या अहवालात आंध्रातल्या फॉर्मांचे आकडे आले: ९,५४३ पैकी १,९४८ वर अंगठे आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या. आईबाप डोंगरात, मुलगी वसतिगृहात, सही वॉर्डनची. लस चांगली म्हणून सही चांगली होत नाही. आणि वॉर्डनने भराभर सह्या मारलेल्या ठिकाणी, लस दिल्यावर त्रास झालेल्या मुलीची नोंद कोणी मन लावून केली असेल, हे मला पटवून घेता येत नाही.

सत्तरीतच एक आजी होती. पाहणीतली मुलगी चार पानी संमतीपत्र वाचून दाखवत होती आणि मी शेजारी बसून ऐकत होते. दुसऱ्या पानावर आजीने तिला थांबवलं. "कितें बरोवपाचें तें बरय गो बाय. पूण म्हजी पेन्शन बंद जावची ना मगो?" काय लिहायचं ते लिही, पण माझी पेन्शन बंद होणार नाही ना? तिच्या लेखी आम्ही सरकार होतो. नाही म्हटलं तर काहीतरी थांबेल, हो म्हटलं तर काहीतरी मिळेल. मुलीने पत्र बाजूला ठेवून तिला पाच मिनिटं समजावलं की पेन्शनशी याचा संबंध नाही, नको असेल तर आम्ही चहा पिऊन जातो. आजीने विचार केला आणि म्हणाली, मग नको. रक्त द्यायचं नाही. चहा मात्र दिला, काळा, गूळ घालून. त्या मुलीचा त्या दिवशीचा एक फॉर्म बुडाला, म्हणजे पैसेही. तिचे आकडे मी पुढे कधी फार तपासले नाहीत.

गोव्यातच याचं चांगलं उदाहरणही आहे, ते सांगितलं नाही तर अन्याय होईल. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या 'संगाथ' संस्थेने इथे नैराश्य आणि चिंतेवर 'मानस' नावाची चाचणी केली. २४ दवाखाने, निम्मे सरकारी, निम्मे खाजगी, २,७९६ रुग्ण. डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी मदत केली तर माणसं बरी होतात का, हा प्रश्न. काय मोजणार ते आधीच छापून ठेवलं होतं. २०१० साली लॅन्सेटमध्ये निकाल आला: सरकारी आरोग्य केंद्रांत फायदा दिसला, खाजगी दवाखान्यांत दिसला नाही. हे दुसरं वाक्यही पहिल्याइतकंच ठळक लिहिलं होतं. सगळं एकत्र करून एकच गोड आकडा देणं अवघड नव्हतं. मी तो निबंध पुढे कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला वाचायला लावत असे.

यावर लोक दोन टोकांना जातात. एक म्हणतात, छापून आलंय ना, मग झालं. दुसरे म्हणतात, सगळेच चोर, त्यापेक्षा आमचा काढा बरा. काढेवाल्यांकडे तर वहीच नसते, कसली १२३४ आणि कसलं काय! खोटं पकडलं ते प्रत्येक वेळी कोणीतरी आकडे घेऊन बसलं म्हणूनच, आणि बसणारे बहुतेक याच विद्येतले किंवा तिच्या उंबऱ्यावरचे होते, बिनपगारी.

आपल्याकडे २००९ पासून औषध-चाचण्या सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवाव्या लागतात. ती कोणालाही फुकट उघडता येते. निवृत्तीनंतर मला तो एक नादच लागलाय. गोव्यातल्या, कोकणातल्या नोंदी काढून बघते: काय मोजणार म्हणाले होते, किती माणसं घेणार होते. अगदी खाली एक रकाना असतो, प्रत्येक रुग्णाची नोंद, नाव काढून, इतरांना पाहायला देणार का? वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी २०१९ पासून सुरू होणाऱ्या चाचण्यांना याचं उत्तर देणं बंधनकारक केलंय. मी उघडलेल्या बहुतेक नोंदींत तिथे 'नाही' लिहिलेलं असतं. भाच्याला वाटलं हा नियमभंग असेल. नाही. नियम एवढाच आहे की देणार की नाही ते सांगा, आणि 'नाही' असं सांगितलं की नियम पाळला गेला.